बाबाजींचा कुपा

बोट ठरवताना बोटवाल्या हिरामणनं फोनवर सरळ विचारलं होतं, "कुणाला हार्टचा, बीपीचा त्रास नाय ना, ताई? आपण पार पंचवीस मैल आत जातो."

शांतीनं "नाही" म्हणून सांगितलं होतं. तिच्या वडिलांच्या, बाबाजींच्या, हृदयात स्टेंट बसवून तेव्हा अकरा महिने झाले होते.

बाबाजींची खांब गावाला भात आणि वालाची शेती. जन्मभर फुरसत मिळाली की कुंडलिका नदीच्या डोहात गळ टाकून बसणारा माणूस. स्टेंट बसल्यापासून घरात अडकले आणि मोबाईलवर खोल समुद्रातल्या कुप्यांचे, म्हणजे ट्यूना माशांचे, व्हिडिओ बघू लागले. "एवढं धूड हाताला कसं लागत असंल गो?" असं एकदाच म्हणाले. रोह्याच्या एका कंपनीत लॅबमध्ये काम करणाऱ्या शांतीनं रजा टाकली. आईला सांगितलं, दोघं पेणला मैत्रिणीकडे मुक्कामाला चाललोय.

उजाडताना ओहोटीबरोबर ते धरमतरच्या खाडीतून निघाले. सुकाणूवर हिरामणचा मेव्हणा जनू होता. साडेनऊच्या सुमाराला किनारा पूर्ण दिसेनासा झाला आणि शांतीच्या फोनची रेंजही गेली. तिनं बाबाजींच्या जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांसाठी पर्स चाचपली. हाताला पाकीट लागेना. पर्स मांडीवर उपडी केली. गोळ्या गाडीतच राहिल्या होत्या.

"नाना, आपण परत जाऊ या का?" तिनं वडिलांना विचारलं.

"आत्ताच तर आलो!"

तेवढ्यात पक्षी पाण्यावर तुटून पडताना दिसले, आणि मागे सोडलेल्या रॉडचं रीळ किंचाळत सुटलं. हिरामणनं बाबाजींच्या कमरेला पट्टा बांधला, रॉड त्यात रोवून दिला. "कुपा हाय, काका! वीस किलोचा तरी असंल. घाई करू नका, त्याला दमू द्या."

पहिली दहा मिनिटं बाबाजी हसत होते. पंधरा मिनिटांनी हसणं थांबलं. दोरी मीटरभर आत यायची आणि दहा मीटर बाहेर जायची. शांती माशाकडे बघतच नव्हती. वडिलांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. उन्हाचा असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. मग त्यांनी डावा हात रॉडवरून काढला, झटकला आणि पुन्हा धरला. थोड्या वेळानं पुन्हा तेच.

"नाना, दुखतंय?"

"मुंग्या आल्यात. गप ऱ्हा."

त्यांचे ओठ राखेसारखे दिसत होते.

"हिरामणदादा," ती म्हणाली. "त्यांना स्टेंट आहे. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

"काय केलंत हो ताई हे!" हिरामण बाबाजींकडे वळला. "काका, रॉड माझ्याकडं द्या."

"नाय. ह्यो माझा हाय."

"काका, ऐका..."

"हात लावू नकोस!"

ओढाओढ केली तर त्यातच काही होईल, म्हणून हिरामणचा हात अर्ध्यावर थांबला. फळीवर आमिष कापायचा सुरा होता. शांतीनं तो उचलला, रिळाजवळ वाकली आणि ताणलेली दोरी कापली.

बाबाजी धपकन मागे बसले. रिकाम्या रॉडकडे बघत राहिले. मुलीकडे त्यांनी पाहिलंच नाही.

जनूनं बोट वळवून इंजिन पूर्ण वेगात सोडलं. हिरामणनं पेटीतली ॲस्पिरिन चघळायला दिली, शर्टाची बटणं उघडली, डोक्यावर ओला पंचा धरला. "आता ओरडून काय उपयोग," तो शांतीला हळूच म्हणाला, "तुम्ही फक्त त्यांच्याशी बोलत ऱ्हावा." ती बोलत राहिली: वालाच्या शेंगांबद्दल, बांधाबद्दल, सुचेल ते. बाबाजींनी डोळे मिटले की ती छातीकडे बघायची, वर-खाली होते की नाही. दोन तास तिनं तेवढंच पाहिलं. रेंज येताच तिनं ॲम्ब्युलन्सला फोन लावला.

सगळ्यात जवळच्या, रेवसच्या धक्क्यावर ॲम्ब्युलन्स उभी होती. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, झटकाच आहे, पण वेळेत आणलंत. संध्याकाळी दुसरा स्टेंट बसला.

शांतीची आई सरू खांबहून धावत आली. शांतीनं बाकावर बसून तिला सगळं सांगितलं, हिरामणशी बोललेलं खोटंसुद्धा. आईनं ऐकून घेतलं. रागवली नाही. नुसती उठून बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

चार दिवस बाबाजी नर्सशी बोलले, शेजारच्या पेशंटशी बोलले, शांतीशी नाही. घरी आल्यावर भावकीतला हैबतराव बघायला आला तेव्हा तिनं आतून ऐकलं.

"वीस किलोचा व्हता. पाऊण तास खेळवला. मग त्यानंच दोरी तोडली बघ."

शांती चहा घेऊन बाहेर आली. बाबाजींनी कप घेतला आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत बघितलं. तिनं त्यांची गोष्ट तशीच राहू दिली आणि दुसरा कप हैबतरावाला दिला.

रात्री मात्र तिला झोप लागली नाही. मधल्या दाराशी अंथरूण टाकून ती त्यांचा श्वास ऐकत पडली होती.