बत्तीस दात्यांचं चाक

माझ्या बोंबलांचा वास जीपवाल्याच्या नाकाला झोंबला, तिथून हे सगळं सुरू झालं. चारोटीच्या नाक्यावर त्याने माझी टोपली टपावरून खाली उतरवली आणि म्हणाला, "मावशी, पॅसेंजर ओरडतात. सुकी मासळी यापुढे घेणार नाही." मी चौतीस वर्षांची, तो चांगला चाळिशीचा, आणि मी याची मावशी! नऊ वर्षं मी याच जीपने सायवनच्या बाजाराला जात होते. ज्यांच्या नाकाला त्रास व्हायचा त्यातले निम्मे तिकडे उतरून माझ्याकडूनच सुकट घेऊन जायचे. हे सगळं त्याला ऐकवायला तोंड उघडलं, तर जीप धूळ उडवत निघूनही गेली.

मी जागृती, चिंचणीची. नवरा बोटीवर, आठ-आठ दिवस समुद्रात. सायवनच्या बाजारातली जागा माझ्या सासूची, चंद्रावतीची. सव्वीस वर्षं ती तिथे बसली आणि गुडघे गेले तेव्हा तिने मला बसवलं. कागदावर कुणाचंच नाव नाही. बाजाराचा नियम एकच. लागोपाठ तीन बाजार जो दहाच्या आत माल मांडत नाही त्याची जागा सुटली, मग तिथे उभा असेल त्याची. माझ्या शेजारी बुधीबाई मडकी विकते. मी पोचेपर्यंत ती माझ्या जागेवर आपलं एक मडकं ठेवते आणि दहा वाजेपर्यंत तिथे कुणाला पाय ठेवू देत नाही. दहा वाजले की मडकं स्वतःच उचलते. सख्ख्या जावेलाही तिने कधी पाच मिनिटांची सूट दिलेली नाही.

जीप गेली तो पहिला बाजार बुडाला.

"सोड ती जागा," सासूबाई त्या संध्याकाळी म्हणाल्या. "तारापूरला कंपनीत पॅकिंगला बायका घेतायत. सावलीतलं काम आहे. मी बोलून ठेवते."

"मला नाही जायचं कंपनीत."

"मग काय डोक्यावर टोपली घेऊन चालत जाणार सायवनला?"

"सायकलने जाईन," मी म्हटलं. खरं तर तोपर्यंत सायकलचा विचार माझ्या मनातही आलेला नव्हता. रागाच्या भरात तोंडातून निघून गेलं, आणि एकदा निघालं की मला ते मागे घेता येत नाही. माझा स्वभावच तसा.

मला ती जागा हवी होती, हे सरळच सांगते. चिंचणीत मी कुणाची तरी बायको, कुणाची तरी सून. सायवनला मी जागृती. डोंगरातल्या बायका पावसाळ्याच्या आधी वर्षाची सुकी मासळी भरायला येतात, तेव्हा आधी मला शोधतात. एप्रिल चालू होता. तेव्हाच जागा गेली असती तर पुढे बसून तरी काय करायचं होतं?

घरात नवऱ्याची जुनी काळी सायकल होती. माझा दीर नितीन बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. त्याने ती पुसूनपासून उभी केली, मागे लोखंडी कॅरिअर जोडलं आणि म्हणाला, "वहिनी, चाळीस किलो घेऊन चढाव चढायचा म्हणजे ओढ पाहिजे. जाळं ओढणाऱ्या बोटीला आपण मोठा पंखा लावतो ना? तसंच इथे." कुठूनतरी त्याने पायडलजवळचं दातेरी चाक मिळवलं, ताटाएवढं. बावन्न दाते. आमच्या गावात कुणालाही विचारा, मोठा पंखा म्हणजे मोठी ओढ, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. मीही मान डोलावली.

दुसऱ्या बाजाराच्या दिवशी हायवेने पुढे जाणाऱ्या शेजाऱ्यांच्या मासळीच्या टेम्पोत सायकल आणि टोपली घालून चारोटीला उतरले. साडेसातला निघाले. काय सांगू, सायकल उडत होती! सुरुवातीला पायडल जड गेलं, पण एकदा वेग धरल्यावर पायाचा एक फेरा मारावा आणि सायकल सरसर पुढे जावी. एका दूधवाल्याला मागे टाकलं. कासा कधी आलं आणि कधी गेलं कळलं नाही. जीपवाला आत्ता दिसायला हवा होता, असं मनात आलं.

मग चढाव लागला.

पहिल्या शंभर पावलांत सगळा तोरा उतरला. मी सीटवरून उठून पायडलवर उभी राहिले, सगळं वजन एका पायावर टाकलं, तरी पायडल खाली जाईना. चेन कुरकुरली, सायकल डुलली आणि टोपलीसकट मी रस्त्याच्या कडेला गेले. पडले नाही एवढंच. तिथून पुढे ढकलणं. मांड्या थरथरत होत्या, हातांना फोड आले. एक चढाव संपला की दुसरा होताच. सायवनला पोचले तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते.

माझ्या जागेवर जिग्नेश उभा होता, उंबरगावकडून टेम्पोने मासळी आणणारा. त्याचे बर्फाचे क्रेट मांडून झाले होते. माणूस वाईट नाही. "बेन, मी विचारूनच मांडलं," तो ओशाळून म्हणाला.

"दहाला उचललं मी मडकं," बुधीबाई म्हणाली. "दोन झाले, बाय. पुढल्याला नाय आलीस तं तिसरा."

मी तिच्याकडे बघितलंच नाही. तिच्यावर रागवायला जागा नव्हती, म्हणून जास्तच राग आला.

परतताना चारोटीला धोंडूच्या सायकलच्या दुकानात थांबले. धोंडू साठीचा, बोलायला महाकंजूस. त्याने माझ्या सायकलकडे एकदा आणि माझ्या टोपलीकडे एकदा बघितलं. मग खडूचा तुकडा घेऊन मागच्या टायरवर एक रेघ मारली, मागचं चाक उचलून धरलं आणि म्हणाला, "ताई, पायडल हाताने एकदा फिरवा. फक्त एकदा. आणि रेघ किती वेळा खाली येते ते मोजा."

मी फिरवलं. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा थोडक्यासाठी राहिली.

"पुढे बावन्न, मागे अठरा," धोंडू म्हणाला. "तुमचा पाय एकदा फिरला की चाक जवळजवळ तीनदा फिरणार. सपाटीला मजा वाटते. चढावावर तुमचा एक पाय तीन चकरांचं ओझं उचलतो. कसं उचलणार?"

"मग?"

"मग काय. आधी ठरवा, सायकल पळवायची का चढवायची. ह्या सायकलला एकच चाक पुढे, एकच मागे. दोन्ही हौस नाही भागायची."

"गिअरवाली सायकल?"

"त्यांच्या नाजूक कॅरिअरवर चाळीस किलो ठेवून बघा."

दुकानाच्या कोपऱ्यात लहान मुलांच्या सायकलींचं भंगार होतं. त्यातून त्याने एक छोटंसं दातेरी चाक काढलं, हातात मावेल एवढं. बत्तीस दाते. मागे बावीस दात्यांचं बसवू म्हणाला. त्याने तिथेच दोन्ही जोडली आणि पुन्हा रेघ मोजायला लावली. या वेळी पाय एकदा फिरला आणि रेघेने दीड फेराही पुरता केला नाही.

"म्हणजे पाय अर्ध्या जोराने मारायचा, पण दुप्पट वेळा," मी म्हटलं.

"हां. चढाव तेवढाच राहतो. घास लहान घ्यायचे. आणि वेळ दुप्पट धरायचा, ते विसरू नका. जोर वाचला तर वेळ जाणार. दोन्ही वाचवून देणारं चाक माझ्याकडे नाही."

त्या संध्याकाळी सायकल चालवतच घरी आले. पाय गरागरा फिरत होते आणि सायकल रांगत होती. नितीनने ते पिटुकलं चाक बघितलं आणि कपाळावर हात मारला. "वहिनी, हे खेळण्यातलं आहे! याने ओढ कशी येणार?"

"भावोजी, मला एक सांगा," मी म्हटलं. "तुमच्या मोठ्या पंख्याच्या बोटीत इंजिन तीनदा फिरलं की पंखा किती वेळा फिरतो?"

"एकदा. मध्ये गिअरबॉक्स असतो ना, तो फेरे कमी करतो. नाहीतर इंजिन पंखा फिरवूच शकणार नाही, दम सोडेल."

"आणि माझा पाय एकदा फिरला की तुमच्या चाकाने सायकलचं चाक किती वेळा फिरत होतं?"

तो सायकलकडे वळला. मग चाकाशी उकिडवा बसला, पायडल फिरवून बघितलं, पुन्हा फिरवलं. "आयला," तो म्हणाला, "मी पंखा बसवला आणि गिअरबॉक्स उलटा लावला."

सासूबाई ओट्यावर बसून ऐकत होत्या. त्यांनी फक्त एवढंच सांगितलं, "सोमवारपासून ये म्हणालेत कंपनीवाले. मी हो म्हटलंय."

बाजार त्या आधीच्या शुक्रवारी होता. माझ्या हातात सहा दिवस होते.

रोज पहाटे मी किनाऱ्यावर गेले. चिंचणीत चढाव कुठून आणायचा? म्हणून मागे ओल्या वाळूचं पोतं बांधलं आणि भरती ओसरल्यावर मऊ वाळूतून सायकल चालवली. वाळूत चाक रुततं, चढावासारखंच पायाला धरून ठेवतं. मासळी उतरवणाऱ्या बायका हसून हसून लोळल्या. "अगं जागृती, सायकल चालवतेस का शिलाई मशीन?" खरंच तसं दिसत असणार. मला हसू येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या इतक्या दुखल्या की जिना बसून उतरले. तिसऱ्या दिवशी कळलं, की सुरुवातीलाच घाई केली तर धाप लागते, आणि एकाच लयीत पाय फिरत ठेवले तर लागत नाही. पाचव्या दिवशी न उतरता किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकाला गेले. परत वळले तेव्हा बोंबील सुकवायच्या बांबूंशी सासूबाई काठी टेकून उभ्या दिसल्या. इतक्या लांब त्या हल्ली चालत नाहीत. मी हात केला. त्यांनी केला नाही.

शुक्रवारी टेम्पो सव्वासहाला चारोटीला पोचला. मी चहाही न घेता निघाले.

सपाटीवरचे ते दोन तास मला जन्मभर लक्षात राहतील. सगळे मला मागे टाकून जात होते. गेल्या वेळचा दूधवाला गेला, डोक्यावर भारा घेतलेल्या दोन बायका तर काही वेळ माझ्या बरोबरीने चालल्या. जोरात पाय मारून काही उपयोग नव्हता. त्या चाकाला जेवढं जायचं तेवढंच ते जात होतं. कासाच्या अलीकडे जीप आली. "काय मावशी, पोचणार का उद्यापर्यंत?" तो खिडकीतून ओरडला. आत कुणीतरी हसलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाने. पण पाय एकाच लयीत ठेवले. सहा दिवस वाळूत तेवढंच तर शिकले होते.

चढाव लागला तेव्हा सव्वाआठ झाले होते. मी सीटवर बसूनच राहिले. पायडल खाली गेलं. पुन्हा गेलं. जड होतं, पण जात होतं. कासाला पॅसेंजर भरत थांबलेली ती जीप मला पुन्हा ओलांडून गेली होती आणि आता पुढे कुणाला तरी उतरवून निघत होती. ड्रायव्हरने गिअर खाली टाकला आणि ती मोठ्याने गुरगुरत हळूहळू वर सरकायला लागली. त्याच्या एवढ्या मोठ्या इंजिनालाही इथे लहान घासच घ्यावे लागतात, हे बघून मला इतकं बरं वाटलं की मी एकटीच मोठ्याने हसले.

दुसऱ्या चढावावर घाम डोळ्यांत गेला. ओढणीने पुसायला हात सोडला तर सायकल डुलायला लागली, म्हणून तसाच राहू दिला. तिसऱ्या चढावावर कंबर म्हणाली, उतर. मी नाही म्हटलं. उतरून चाळीस किलो ढकलत गेले असते तर दहाच्या आत पोचले नसते, हे मला आता हिशोबाने माहीत होतं. पाय थांबले की सगळं थांबणार, म्हणून मी पन्नास फेरे मोजायचे आणि पुन्हा एकपासून सुरू करायचे. किती पन्नास झाले ते मोजलं नाही.

सायवनला दहाला अठरा मिनिटं कमी होती. जिग्नेश माझ्या जागेच्या कडेला क्रेट घेऊन उभा होता आणि मोबाईलमध्ये वेळ बघत होता. मला बघून त्याने मुकाट्याने क्रेट उचलायला घेतले. बुधीबाईने मडकं उचललं, जमीन हाताने झाडली आणि म्हणाली, "बस."

मी धपकन बसले. गोणपाट पसरलं, बोंबील, सुकट, मांदेली काढून मांडली. मग घरी फोन लावला.

"आई, बसले मी. दहाच्या आत."

मोकळ्या हाताने मी बोंबलांचा ढीग सारखा केला.

"त्या कंपनीवाल्यांना सांगा," मी म्हटलं, "सोमवारी मी येणार नाही."

"सांगितलं."

"कधी?"

"परवा. तुला वाळूत बघून आले, तेव्हाच."

मी उडालेच. दोन रात्री मला झोप नव्हती. सबंध चढावभर ती कंपनी माझ्या डोक्यावर बसली होती. "मग मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर चढावावर उतरली असतीस," सासूबाई म्हणाल्या.

इतका राग आला आणि इतका ऊर भरून आला, की मी फोनच कापला. समोर एक बाई कधीची उकिडवी बसून बोंबील चाचपत होती. तिने वर बघितलं आणि विचारलं, "रडतंस का गं, जागृती?"

"नाही," मी म्हटलं, आणि तिच्या पिशवीत एक मूठ जास्तीची टाकली.