बाहेर पडताना वाचायचे नाव

मित्रांनो, मी एक जुने, दोन कवाडांचे, अक्रोडाचे दार आहे. आणि मी देखणे आहे! खोटी नम्रता मला जमत नाही. माझ्या अंगभर वेली आहेत. एका वेलीचे टोक धरून बोट फिरवत निघालात, तर बारा कोनी चांदण्यांना वळसा घालून जिथून निघालात तिथेच परत याल. या वेली माहरुखने कागदावर काढल्या आणि तिच्या बाबांनी, उस्ताद शिरजादांनी, पटाशीने माझ्यात उतरवल्या.

आमच्या आमूल गावात दारावर आधी देणगीदाराचे नाव कोरतात, सर्वांत शेवटी कारागिराचे. उस्ताद तीस वर्षे दुसऱ्यांच्या हाताखाली राबले होते. स्वतःचे नाव कोरायचे हे पहिलेच दार! त्यासाठी त्यांनी वीतभर जागा राखली होती.

पण दर्ग्याला मला देणार होते रेशमाचे व्यापारी ख्वाजा इज्जुद्दीन. आले की एक पदवी वाढवायचे.

“‘दात्यांचा मुकुट’ घातलंस का?”

“घातलं, ख्वाजासाहेब.”

“मग पुढे ‘गरिबांची सावली’ही घाल की!”

सावली आली आणि उस्तादांची वीत गेली.

“राहू दे पोरी,” ते म्हणाले. “कुणी केलं ते देवाला माहीत आहे.”

“देवाला आहे हो, आमूलला कुठे आहे?” माहरुख फणकारली. मी भिंतीला टेकून उभे होते. माझ्या तीन बोटे जाड कडेवर तिने हात फिरवला. “इथे कोरा, बाबा.”

“ख्वाजा रंधा मारायला लावतील!”

“लावू देत. आधी कोरा तर!”

मला दर्ग्याला बसवले त्या दिवशी ख्वाजा आले. बंद दारासमोर त्यांनी आपल्या पदव्या दोनदा मोठ्याने वाचल्या आणि खुशीत आत गेले. दुआ मागून परतताना मात्र थबकले. उघड्या कवाडाची कड नेमकी त्यांच्यासमोर होती: ‘हे काम उस्ताद शिरजादचे.’

“हे कुणी सांगितलं?”

उस्तादांनी पटाशी पाठीमागे लपवली. माझे तर लाकूड गारठले.

“मी, ख्वाजासाहेब,” माहरुख म्हणाली. “लोक आत येताना तुमचं नाव वाचतील, जाताना बाबांचं. दोघांची गाठच पडायची नाही, मग भांडण कसलं?”

ख्वाजा पोट धरून हसले. “शिरजाद, हिला रेशीमबाजारात आणू नकोस रे बाबा, माझं दुकान बसेल!”

रंधा काही आला नाही. उस्तादांनी मला अक्रोडाचे तेल चोळले. त्या कडेला जरा जास्तच.

शेकडो वर्षे झाली. उन्हापावसाने ख्वाजांच्या पदव्या झिजल्या. ‘दात्यांचा मुकुट’ आता चाचपूनच वाचावा लागतो. कड मात्र दार बंद झाले की आत जाऊन बसते, म्हणून उस्तादांचे नाव कालच कोरल्यासारखे आहे!

मित्रांनो, जुन्या दाराला रंग लावायला निघालात, तर आधी त्याची कड पुसून बघा. तिथे कुणाचे तरी बाबा असतील.