पाण्याचं दूध करणारे महाराज

हापशाचं पाणी सटवाजींनी स्वतः भरून आणलं होतं, सगळ्या गावाच्या देखत. काचेच्या मोठ्या बरणीत ते आरपार दिसत होतं. वारूळनाथ महाराजांनी डोळे मिटले, तांब्याच्या झारीतून त्यात बारीकशी धार सोडली आणि बघता बघता बरणीतलं पाणी पांढरंशुभ्र झालं.

"दूध! पाण्याचं दूध झालं!"

ओसरीवर दाटलेली माणसं एकदम पुढं सरकली. मागच्यांना दिसेना म्हणून दोघं बाजेवर चढले, तशी बाज करकरली. बायांनी पदर सावरून हात जोडले. साखऱ्यासारख्या गावात एवढी माणसं एका घरात लग्नालाच जमतात.

"ये गंगामैया का दूध है, बच्चा," महाराज घोगऱ्या आवाजात म्हणाले. "बारा साल हिमालय में तप किया, तब ये झारी मिली. ओम ऱ्हीं क्लीं, वाळवी गच्छ गच्छ स्वाहा!"

वाळवीला संस्कृत कळत असेल का, हा प्रश्न त्या गर्दीत एकाच डोक्यात आला. ते डोकं होतं सटवाजींच्या सुनेचं, सपनाचं. ती जवळच्याच गोरेगावच्या शाळेत विज्ञान शिकवायची. आत्ता मात्र स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून आपल्याच घरात चाललेला तमाशा बघण्याखेरीज तिच्या हातात काही नव्हतं.

भांडण जुनं होतं. देवघराच्या कोपऱ्यात जमिनीतून मातीचा एक उंचवटा वर आला, तेव्हाच ती म्हणाली होती, की मामा, ही वाळवी आहे, औषध टाकू. सटवाजींनी कानावर हात ठेवले. वारूळ म्हणजे नागोबाचं घर. नागपंचमीला बाया शेतात जाऊन ज्याची पूजा करतात, ते आपणहून देवघरात आलं, आणि त्यावर विष ओतायचं? त्यांनी उलट त्याला हळदीकुंकू वाहिलं, रोज वाटीभर दूध ठेवलं. वारूळ वाढत गेलं. दाराची सागवानी चौकट आतून पोकळ झाली, बोटानं दाबली तर भुगा हातात यायचा. अंगणातल्या आंब्याच्या खोडालाही किडीची भोकं पडून भुसा गळायला लागला. हे सटवाजींना दिसत नव्हतं असं नाही. त्यांना वाळवी जायला हवीच होती, फक्त तिला मारण्याचं पाप कुणीतरी दुसऱ्यानं डोक्यावर घ्यायला हवं होतं. महाराज नेमकं तेच विकायला आले होते.

महाराजांनी वारुळाला भोक पाडून बरणीतलं दूध आत ओतलं. मग अंगणात जाऊन आंब्याच्या भोकातही ओतलं आणि कापसाचा बोळा कोंबून वर माती लिंपली. लोक जागचे हलले नाहीत. शेवटी वारुळातून वाळवीचे पांढरे किडे बाहेर पडू लागले, वळवळले आणि निपचित झाले. ओसरी जयजयकारानं दणाणली.

सपनाच्या नाकाला मात्र दुसरंच काहीतरी झोंबत होतं. उदाचा धूर होता, कापराचा भपकारा होता, पण त्यांच्या खाली रॉकेलसारखा, सडका, ओळखीचा एक वास होता. कापसावर फवारणी करून सासरे घरी आले की त्यांच्या सदऱ्याला हाच वास यायचा.

महाराजांनी उरलेलं दूध बाटल्यांत भरून घरोघरच्या माणसांना वाटलं. "ये तीर्थ है. घर में छिडको, पेड की जड में डालो. वाळवी, किडा, भूतबाधा, सब भागेगा."

शिंपडा, एवढंच ते म्हणाले होते. पण एकदा तीर्थ म्हटल्यावर साखऱ्यातलं कोणतं माणूस नुसतं शिंपडून थांबेल? उजव्या हाताचा तळवा खोलगट करायचा, एक घोट घ्यायचा, ओला हात डोक्यावरून फिरवायचा, हे इथलं लेकरू बोलायच्या आधी शिकतं. आजोबांच्या मांडीवर बसलेल्या तीन वर्षांच्या आरोहीनं शहाण्यासारखा आपला इवलासा हात पुढं केला. सटवाजींनी कौतुकानं बाटलीतलं तीर्थ त्या तळव्यावर ओतलं.

सपना कशी धावली तिचं तिलाच कळलं नाही. तिनं लेकीचा हात फटकन उडवला. तीर्थ फरशीवर सांडलं आणि आरोहीनं भोकाड पसरलं.

"सपना!" सटवाजी ओरडले. "देवाचं तीर्थ पाडलंस तू? भर माणसांत?"

"मामा, वास घ्या ह्याचा. तुमी कापसावर मारता तेच औषध हाय हे."

"कापूर हाय त्यात!"

"कापराच्या खाली काय हाय?"

"शिकली म्हून सासऱ्याला शिकवून राहिली का तू?" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

महाराजांनी बोट वर केलं. "इस औरत ने तीर्थ का अपमान किया. गाव पर संकट आएगा!"

सपना लेकीला घेऊन मोरीकडं गेली. तिनं आरोहीचा हात साबण लावून चोळून चोळून धुतला आणि घरातली ती बाटली उचलून शाळेच्या पिशवीत टाकली.

संकट दुपारीच आलं. शेजारच्या कमलबाईंनी घरी गेल्यावर तीर्थ शिंपडलं नाही, वाटीभर प्यायलं. गुडघे दुखायचे बिचारीचे. भूत पळतं तर गुडघेदुखी काय चीज, असा साधा हिशेब. सपना पोचली तेव्हा म्हातारी घामानं निथळत होती, तोंडातून लाळ गळत होती, उलट्या थांबत नव्हत्या आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या.

सपनाचा नवरा सोमेश्वर गोरेगाव-सेनगाव रस्त्यावर जीप चालवायचा. त्यानं प्रवासी खाली उतरवले आणि जीप दारात आणली. निघताना सपनानं सासऱ्यांना निक्षून सांगितलं, "मामा, आरोहीला कुणाच्या हातचं तीर्थ देऊ नका. माझी शपथ हाय." सटवाजींनी मान फिरवली, पण हुंकार भरला.

हिंगोलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "कोणतं औषध फवारत होत्या?"

"फवारलं न्हाई, डॉक्टर. तीर्थ म्हणून प्यायल्या." सपनानं पिशवीतली बाटली पुढं केली.

डॉक्टरांनी बूच काढून वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "कीटकनाशक आहे हे. कोण देतं असलं?" बोलता बोलताच त्यांनी इंजेक्शन भरायला सांगितलं होतं. म्हातारी वाचली. तास-दोन तास उशीर झाला असता तर काही सांगता आलं नसतं, असं ते सकाळी म्हणाले.

इकडं गावात मात्र गोष्ट उलटी फिरली. सुनेनं तीर्थ पाडलं आणि त्याचा कोप कमलबाईवर झाला. महाराजांनी उपायही काढला. ज्या लेकराच्या हातून तीर्थ सांडलं, त्याला मारुतीच्या पारावर, लिंबाखाली, सगळ्यांसमोर याच दुधानं आंघोळ घालायची. लिंबाच्या बुंध्यावर वाळवीनं मातीच्या रेघा चढवल्या होत्याच, तेव्हा एकाच दुधात दोन्ही कामं होणार होती.

सकाळी परतताना सोमेश्वरला गोरेगावातच हे कळलं. त्यानं गाडी तशीच दामटली असती, पण सपना म्हणाली, "जरा थांबा. ह्या किराणा दुकानातून एक वस्तू घ्यायची हाय."

जीप पारापाशी थांबली तेव्हा गाव जमलं होतं. सटवाजी आरोहीला मांडीवर घेऊन पाटावर बसले होते. रात्रभर झोप नसल्याचं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. समोर पांढऱ्या पाण्याची बादली होती.

"मामा!" सपना गर्दीतून वाट काढत पुढं आली. "तुमी हुंकार भरला होता."

"पाजत न्हाई, बाई. नुसती आंघोळ..." ते पुटपुटले. "सारं गाव तसं म्हणून राहिलं."

"हे विष कातडीतून बी आत जातं. द्या तिला इकडं."

तिनं आरोहीला उचलून सोमेश्वरच्या कडेवर दिलं. मग हापशावरून तांब्याभर पाणी आणलं, महाराजांचीच रिकामी बरणी घेतली, त्यात ते ओतलं आणि बरणी पारावर सगळ्यांना दिसेल अशी ठेवली.

"ये औरत को हटाओ!" महाराज ओरडले.

"हटते. आधी माझा चमत्कार बघा." सपनानं पिशवीतून काळ्याभोर फिनाईलची बाटली काढली आणि टोपणभर फिनाईल बरणीत ओतलं. काळी धार पाण्यात उतरली आणि पाणी पांढरंशुभ्र झालं.

"दूध झालं," ती म्हणाली. "मी हिमालयात गेले नव्हते. गोरेगावच्या किराणा दुकानात गेले होते."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. शाळेचा संडास धुताना हे पांढरं पाणी गावातल्या प्रत्येकानं कधी ना कधी पाहिलेलं होतं. फक्त ते बादलीत पाहिलं होतं, काचेच्या बरणीत, मंत्र म्हणून कुणी दाखवलं नव्हतं.

"फिनाईल काय, फवारणीचं औषध काय, तेलकट असतं. पाण्यात पडलं की त्याचे डोळ्यांना न दिसणारे थेंब होतात अन् पाणी पांढरं दिसतं. तुमी सगळे फवारणीच्या पंपात औषध कालवता, तवा हेच होतं. रोजच्या पंपाला कुणी हात जोडलेत का?"

"पर वाळवी मरी ना?" महाराजांचा आवाज चढला. "सबने देखा!"

"मरली की! औषधच हाय ते, मरणारच. आंब्याच्या भोकात बी औषध घालून असाच बोळा कोंबतात. औषध खरं हाय, महाराज. खोटे तुमी हाव." सपना एक पाऊल पुढं गेली. "कमलमावशी तिकडं हिंगोलीला सलाइनवर पडून हायेत. त्यांनी हेच पिलं. डॉक्टरांनी बाटली हुंगून सांगितलं. तुमी म्हणता गंगामैयाचं दूध. मग ह्या बादलीतला एक घोट घ्या. एकच. मी सगळ्यांसमोर तुमचे पाय धरते."

महाराज बादलीपासून एक पाऊल मागं सरकले.

"आज मेरा उपवास है," महाराज म्हणाले.

"उपासाला दूध चालतं."

हे सपना बोलली नव्हती. सटवाजी पाटावरून उठले होते. त्यांनी पूजेची पळी बादलीत बुडवली आणि ती महाराजांच्या ओठांपाशी नेली. "घ्या. माझ्या नातीच्या अंगावर बादलीभर चालतंय, तर तुमाला पळीभर काहून न्हाई?"

महाराजांनी हात झिडकारला. पळीतलं दूध त्यांच्याच दाढीवर उडालं. ते पिसाळल्यासारखे कफनीनं तोंड पुसू लागले, थुंकू लागले.

"अवं म्हाताऱ्या, मारतू का मला? विष हाय त्ये! पाणी आणा, आधी पाणी आणा!"

बारा वर्षांचा हिमालय त्या एका पळीनं वितळला. महाराजांची हिंदी गेली, घोगरा आवाज गेला आणि आपल्याच मुलखातला एक घाबरलेला माणूस हापशाखाली डोकं धरून दाढी धुऊ लागला. काल त्याच्या पाया पडलेलीच माणसं आज हात उगारून धावली. सपना आडवी आली. "मारायचं न्हाई. ह्याच्यासाठी कायदा हाय. पोलिसांना फोन लावा अन् झारी, बादली कुणी सांडू नका." सेनगावहून पोलीस आले तेव्हा झारीच्या बुडात औषध तसंच होतं आणि महाराजांच्या झोळीत वाळवीच्या औषधाची बाटली सापडली. तिच्यावर विषाची पिवळी खूण होती.

घरी आल्यावर सटवाजी देवघरासमोर बसले. मग म्हणाले, "सपना, मी तिच्या हातावर ओतलं होतं. माझ्या हातानं." आणि ते रडले.

सपनाला सासऱ्यांचा राग आला होता आणि तो गेलाही नव्हता. तरी ती त्यांच्याजवळ बसली. "मामा, शेतातल्या वारुळाला कोण हात लावून राहिलं? तुमची पूजा तुमी करा. पण देवघरात वाळवी आली तर ती वाळवीच हाय. तिला मारायला मंत्र लागत न्हाई, अन् मारलं म्हणून पाप बी लागत न्हाई."

पुढच्या रविवारी मेलेलं वारूळ खणून काढलं. आरोहीला शेजारी पाठवलं. गुरं लांब बांधली. सोमेश्वरनं हातमोजे चढवले, तोंडाला फडकं बांधलं आणि बाटलीवर लिहिलंय तेवढंच औषध मोजून पाण्यात कालवून चौकटीच्या बुडाशी सोडलं. ते पांढरं पाणी बघून या वेळी कुणी हात जोडले नाहीत. काम झाल्यावर हात धुतले, आंघोळ केली आणि उरलेली बाटली, नाव-खुणेसकट, कुलपात ठेवली. पाण्याच्या बाटलीत औषध ओतून ठेवायची गावातली जुनी खोड होती, ती मोडायला मात्र सपनाला घरोघर फिरावं लागलं. सोबत कमलबाई असायच्या. "पाय दुखतेत ते दुखतेतच," त्या प्रत्येक दारात सांगायच्या, "पण जिती हाय मी!"

अजूनही काहीजण म्हणतात, तो भोंदू निघाला, पण खरे महाराज असतात कुठंतरी. असतील तर असोत. त्यांच्याकडेही एवढंच मागा, की झारीत काय आहे ते आधी सांगा. जो सांगत नाही, ज्याला विचारलेलं खपत नाही, त्याच्यापुढं ओंजळ धरू नका. देव मानणारा असो की न मानणारा, जीव एकच आहे आणि विषाला श्रद्धा कळत नाही.

परवा संध्याकाळी सटवाजींनी देवाला दिवा लावला. आरोहीनं सवयीनं हात पुढं केला. त्यांनी पळी भरली, आणि मग थांबले.

"हापशाचं पाणी हाय, बाई. मीच भरलंय. तरी आधी वास घे."

आरोहीनं नाक खुपसून जोरात हुंगलं. "कशाचाच न्हाई, आबा."

"मंग पी."