ट्रेमधली चिठ्ठी

“हा माणूस साधा नमस्कारसुद्धा करत नाही हो!” नव्या सिस्टर फणकारल्या. “उद्यापासून खिडकीवर बसवते त्याला. चार माणसांत बसला की आपोआप सुधारेल.”

जुन्या सिस्टरांच्या काळजात धस्स झालं. आज त्यांचा नोकरीतला शेवटचा दिवस. ऑपरेशनची अवजारं निर्जंतुक करून, मोजून ट्रेमध्ये बांधायची, ही हॉस्पिटलच्या तळघरातली खोली. इथे त्या अकरा वर्षं या माणसाबरोबर, म्हणजे मास्तरबरोबर, होत्या. सगळ्यांच्या चुका काढतो म्हणून वॉर्डबॉयनी त्याला चिडवून ‘मास्तर’ केलेलं, आणि पठ्ठ्याला ते चक्क आवडलेलं! कानांवर हेडफोन, नजर खाली, बोलणं मोजकं. खिडकीवर म्हणजे ट्रे न्यायला येणाऱ्यांची गर्दी, दिवसभर फोन आणि आरडाओरडा. तिथे तो दोन दिवस टिकला नसता. मग कायमचा घरी.

“अहो, तो बिघडलाय कुठे, सुधारायला?” जुन्या सिस्टर म्हणाल्या. “फक्त मागून हाक मारू नका, दचकतो. आधी टेबलावर दोनदा टकटक करा, मग बोला.”

“टकटक? माणूस आहे की दार?”

तेवढ्यात मास्तरने एक बांधलेला ट्रे हातात तोलला आणि त्याच्या कापडाची गाठ पुन्हा सोडली. “चिमटा कमी,” तो टेबलाकडे बघत म्हणाला. “यादीत बारा. आत अकरा.”

नव्या सिस्टरांचा चेहरा खर्रकन उतरला. तो ट्रे त्यांनीच भरला होता.

संध्याकाळी वर निरोपाची भाषणं झाली, टाळ्या झाल्या. मास्तर आला नाही. गोंगाट त्याला सोसत नाही हे सिस्टरांना ठाऊक होतं, तरी वाईट वाटायचं ते वाटलंच. पाच मिनिटं तरी यायचं की रे मेल्या!

पिशवी घ्यायला त्या खाली उतरल्या आणि दाराशीच थबकल्या. आतून आवाज आला. टक, टक.

“मास्तर,” नव्या सिस्टर हळू आवाजात म्हणत होत्या, “खिडकीवर मीच बसते. तू आपले ट्रे बघ.”

“बरं,” मास्तर म्हणाला.

सिस्टरांनी पदराने डोळे टिपले आणि आत गेल्या. टेबलावर हिरव्या कापडात नीट बांधलेला एक ट्रे होता. मास्तरने तो त्यांच्यापुढे सरकवला. आत त्यांचा कप, चष्म्याचं घर, टोपण चावलेलं पेन, सपाता. वर नेहमीसारखी यादीची चिठ्ठी. प्रत्येक वस्तूपुढे बरोबरची खूण. सगळ्यात खाली लिहिलं होतं :

‘खोलीत कमी : सिस्टर. एक.’

“सही,” मास्तर म्हणाला. ट्रे नेणाऱ्याने सही करायची, हा नियमच होता.

सिस्टरांनी ते चावलेलं पेन काढलं आणि सही केली.