लगेच कुणाचा?

आमच्या खोऱ्यात माणसाला खरं नाव असतं ते शाळेच्या दाखल्यापुरतं. एरवी ज्याला जे चिकटलं ते चिकटलं. आमच्या ह्यांना सगळे भोंगा म्हणतात, कारण कानात सांगायची गोष्टही हे नदीपलीकडे ऐकू जाईल अशी सांगतात. मला ठिणगी म्हणतात. का म्हणतात ते विचारून बघा, लगेच कळेल.

लगेच. हा शब्दसुद्धा आता जपून वापरावा लागतो. माझ्या धाकट्या भावाचं नाव आहे ते. होतं म्हणू का आहे म्हणू, तेच कळेनासं झालंय.

लहानपणी त्याला काहीही सांगा, पाणी आण, दिवा लाव, तो म्हणायचा "लगेच!" आणि जागचा हलायचा नाही. आई सकाळी चुलीपासून विचारायची, "लगेच उठला का गं?" मी ओरडायचे, "लगेच नाही उठला!" वडील हसून हसून बेजार व्हायचे. पुढे टोपल्या विणायला लागला तरी तेच. वेत भिजत घालेल, चिरेल, पट्ट्या सावलीत पसरेल आणि मग दारात बसून त्यांच्याकडे बघत राहील, जणू त्या आपोआप विणल्या जाणार आहेत. गिऱ्हाईक विचारी, "कधी देतोस रे?" हा म्हणे, "लगेच." गिऱ्हाईक मान हलवून घरी जाई. लग्नाचंही त्याचं तसंच. लगेच झालं नाही, मग झालंच नाही. आईवडील गेल्यावर त्याच घरात एकटा राहतो आणि सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे जेवायला येतो. म्हणजे यायचा.

मंडळाची सुरुवात आमच्या पुढच्या खोलीत झाली, माझ्याच चहावर. खोटं कशाला बोलू, चांगल्या कामासाठी झाली. नदीचा काठ दरवर्षी ढासळत होता, पात्रात पिशव्या आणि बाटल्या तरंगायच्या, आणि कामाच्या वयाची माणसं एकेक करून शहरात निघून चालली होती. आमच्या ह्यांनी भोंगा लावला, "आपलं खोरं आपण राखायचं!" आणि लोक जमले. काठाने वेत लावला. एक तोडला तर दोन लावायचे असा नियम केला. काठ धरला, पाणी स्वच्छ झालं, आणि वेत इतका माजला की त्याचं करायचं काय असा प्रश्न पडला. मग टोपल्या बाहेरच्या देशांत पाठवायची कल्पना निघाली. त्यासाठी शहरातून एक शिकलेली मुलगी पगारावर आणली. तिला आम्ही निर्यातमॅडम म्हणायचो. हे अध्यक्ष झाले. जुन्या गिरणीत शेड झाली, आणि तिथल्या पॅकिंगवर माझी नेमणूक झाली. कागदात गुंडाळायचं, खोक्यात भरायचं, चिठ्ठी बांधायची. मला ते काम आवडायचं, अजून आवडतं, हेच तर दुःख आहे.

चिठ्ठीची कल्पना मॅडमची. तिकडच्या लोकांना म्हणे टोपली कुणी विणली ते जाणून घ्यायचं असतं. "कारागिरांची नावं द्या," ती म्हणाली. सभेत सगळे एकमेकांकडे बघायला लागले. निम्म्या लोकांना शेजाऱ्याचं खरं नाव माहीत नव्हतं.

"टोपणनावंच घाला की!" हे गरजले. "तीच आपली ओळख!"

काय हशा पिकला म्हणून सांगू. एक जण घोरपड, कारण खुर्ची सोडत नाही. एक पाहुणा, कारण स्वतःच्या घरी कधी जेवत नाही. मॅडम प्रत्येकाची गोष्ट लिहून घेत होती आणि हसून तिच्या डोळ्यांत पाणी येत होतं. लगेचची पाळी आली तेव्हा मीच उठून आईची नक्कल करून दाखवली. तो कोपऱ्यात बसून हसत होता. "घाला," म्हणाला, "मला काय."

मग मॅडम म्हणाली की ही नावं मंडळाच्या मालकीची म्हणून नोंदवून घेऊ, नाहीतर उद्या बाहेरचा कुणी चोरेल. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. आपली वस्तू चोरीला जाऊ नये असं कुणाला वाटत नाही?

टोपल्या गेल्या आणि सगळ्यांत जास्त खपला तो लगेच. का, देव जाणे. मॅडम म्हणाली, तिकडे सगळे घाईत असतात, आणि "लगेच" नावाचा माणूस इतका सावकाश विणतो ही गोष्ट त्यांना फार गोड वाटते. मागणी वाढली. आता लगेच तो लगेच. त्याला पन्नास टोपल्या सांगितल्या की तो पन्नास वेळा दारात बसणार. मग समितीने ठरवलं, नमुना एकच ठेवायचा, दुहेरी काठाचा, आणि तो चार-पाच घरांत विणून घ्यायचा. चिठ्ठी मात्र लगेचची. खरं सांगायचं तर त्या टोपल्या वाईट नव्हत्या. मी हातात धरलेल्या आहेत, मला कळतं.

एक दिवस तो आपल्या टोपल्या घेऊन शेडमध्ये आला आणि माझ्यासमोरच्या ढिगातली एक उचलून बघत उभा राहिला. फिरवून बघितली, काठावरून अंगठा फिरवला.

"बरी आहे," तो म्हणाला. "कुणाची?"

"पाहुण्याच्या बायकोची."

त्याने चिठ्ठी वाचली. तिच्यावर त्याचं नाव, त्याची गोष्ट, आई, चूल, सगळं.

"पण ही मी नाही केली, ताई."

"अरे, आता मागणीच इतकी आहे..."

"ते असू दे. तिची टोपली आहे, तिचं नाव घाला. चांगली केलीये बाईने." त्याने टोपली अलगद खाली ठेवली. "तेवढं माझं नाव काढ. बाकी काही नाही म्हणत मी."

आयुष्यात त्याने माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. मी म्हटलं, "बोलते ह्यांच्याशी. काळजी करू नकोस."

संध्याकाळी जेवताना विषय काढला.

"अहो, त्या टोपल्यांवरून त्याचं नाव काढा."

"कुणाचं?"

"कुणाचं काय? लगेचचं!"

"अगं, ते आता त्याचं एकट्याचं राहिलंय का? खोऱ्याचं झालं ते! तिकडे दुकानात लोक लगेच आहे का म्हणून विचारतात!"

"खोऱ्याने त्याला मांडीवर घेऊन झोपवलं होतं का? मी झोपवलं होतं."

ह्यांचा घास हातातच राहिला. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "ही ऑर्डर जाऊ दे. कंटेनर लागलाय. मग बघू." भोंगा हळू बोलला की मला ते खरं वाटतं. तिथेच मी फसते. सकाळी शेडमध्ये गेले, खोकी समोर आली, आणि हात आपोआप चिठ्ठ्या बांधायला लागले. ती ऑर्डर गेली, दुसरी आली. मी दोनदा आठवण केली. तिसऱ्यांदा केली नाही. कटकट नको, म्हटलं. मी, ठिणगी, कटकट नको म्हणून गप्प बसले.

त्याने शेडमध्ये टोपल्या आणणं बंद केलं. भांडला नाही, काही नाही. घरासमोर रस्त्याच्या कडेला एक बाकडं टाकलं, त्यावर दोन-तीन टोपल्या, आणि एका फळीवर रंगाने लिहिलं, "लगेच". बस. वाटसरू घ्यायचे. सुट्टीच्या दिवशी जेवायला मात्र येत होता आणि त्या विषयावर एक अक्षर काढत नव्हता. मला वाटलं, चला, मिटलं.

मग परदेशातले दोन व्यापारी खोरं बघायला आले. त्यांना ती फळी दिसली. गाडी थांबवली, त्याच्याकडून टोपल्या घेतल्या, फोटो काढले आणि हरखून शेडमध्ये येऊन म्हणाले, आम्हाला खरा लगेच भेटला! मॅडमचा चेहरा पांढरा पडला. ते गेल्यावर समिती बसली. मॅडम पोरगी वाईट नाही हो. तिने शांतपणे समजावलं, नोंदवलेलं नाव एकाने बिनपरवाना वापरलं आणि आपण चालवून घेतलं, तर ते नावच कच्चं पडतं. मग तिकडचा कुणीही उचलेल. आपण त्याचंच रक्षण करतोय. बरोबर होतं तिचं. सगळं बरोबर होतं, म्हणूनच कुणाला काही बोलता येईना. घोरपडसुद्धा खुर्चीत चुळबुळ करत होता.

"मी काय म्हणते," मी उठले, "ज्याचं नाव त्यालाच..."

"अगं, सभेत घरचं आणू नकोस," हे म्हणाले.

आणि मी बसले. का बसले, ते अजून माझं मलाच उमगत नाही. घरी ज्यांना मी पाणी पाजते, त्यांच्या एका वाक्याने चारचौघांत माझं तोंड बंद झालं.

त्याच्याकडे हे स्वतः गेले. नोटीस पाठवायची नाही, आपलाच माणूस आहे, असं म्हणाले. तेवढी माणुसकी आहे त्यांच्यात. अर्ध्या तासात फळी काखेत घेऊन परत आले आणि चपला काढता काढता म्हणाले, "एका शब्दाने वाद घातला नाही. फळी स्वतः उतरवून दिली हातात. समजूतदार आहे गं तुझा भाऊ."

त्या सुट्टीला तो जेवायला आला नाही. पुढच्याही नाही. मी त्याचं ताट वाढून ठेवत होते आणि झाकून ठेवत होते. मग मलाही राग आला. माझा तो स्वभावच. म्हटलं, एवढं काय आकाश कोसळलं? सख्ख्या बहिणीकडे यायला काय पाय मोडलेत? मीही हट्टाला पेटले आणि गेले नाही. अशा हट्टात दिवस कसे जातात ते कळत नाही.

गावातही काहीतरी बदललं होतं. पूर्वी पलीकडच्या काठावरून कुणीतरी बोंब मारायचं, "लगेच आला का रे?" आणि अलीकडून दुसरा, "लगेच कसा येईल!" ते आता ऐकू येईना. लोक त्याच्यासमोर अवघडायचे. "अरे" म्हणायचे, "काय रे, बरा आहेस ना" म्हणायचे, आणि नाव यायचं तिथे नुसतीच मान हलवायचे. शेडमध्ये मात्र दिवसभर तेच चालायचं. "लगेच संपले का?" "लगेच अजून दोन खोकी आहेत." तिथे कुणाला हसू यायचं नाही.

शेवटी मीच गेले. डबा घेतला आणि आईच्या घरापाशी जाऊन फाटकातून नेहमीसारखी हाक दिली.

"ए लगेच! कानात वेत घालून बसलास का?"

तो ओसरीवर विणत बसला होता. मान वर केली. चांगला दिसत होता, दाढीबिढी केलेली.

"ते मंडळाचं आहे, ताई," तो म्हणाला.

मला वाटलं, थट्टा करतोय. मी हसले. "आलाय मोठा शहाणा! फाटक उघड."

"नाही, खरंच. भाऊजी सांगून गेलेत. परवानगीशिवाय वापरायचं नाही."

मी त्याच्या चेहऱ्यावर राग शोधला. शपथ, तो रागावला असता तर मी भांडले असते. फळी घरून आणून दारावर ठोकली असती, ह्यांना चार शब्द सुनावले असते, रडले असते, त्याला धरून हलवलं असतं. भांडता मला येतं. पण राग नव्हता. एखाद्या दुकानात हे मिळत नाही म्हणून सांगावं, तसं तो सांगत होता.

"मग मी काय म्हणू तुला?"

त्याने हातातली पट्टी काठात खोवली, ओढली, पुन्हा ओढून बघितली.

"नाव आहे की मला."

आणि मला ते पटकन आठवेना. स्वतःच्या भावाचं नाव! दवाखान्याच्या खिडकीशी एकदा सांगितलं होतं, तेवढंच. आईने ते ठेवलं आणि त्याच दिवशी जणू पेटीत घालून ठेवलं. आठवलं तेव्हा मी ते उच्चारलं. रांगेतल्या माणसाला पुकारावं तसं वाटलं माझं मलाच.

त्याने टोपली बाजूला ठेवली, हात पुसले, येऊन फाटक उघडलं आणि एका अंगाला झाला.

"या, ताई," तो म्हणाला. "बसा."

मी आत गेले. ज्या घरात माझा जन्म झाला, तिथे त्याने पाहुण्यांची खुर्ची पुढे ओढली आणि मी तिच्यावर डबा मांडीवर घेऊन बसले. रडावंसं वाटत होतं. पण परक्याच्या घरी कसं रडायचं?