काचेखालची फुफ्फुसं

"मेलेल्या माणसाची फुफ्फुसं घोरतात का?"

हे विचारायची पैज माझ्या मैत्रिणी तूवा आणि एब्बानं लावली होती. नववीत शाळा आम्हाला आठवडाभर खऱ्या कामावर पाठवते, तो आठवडा. त्या दोघी बेकरीत, मी हॉस्पिटलात. विचारलं मी, बिनधास्त! समोर काचेच्या घुमटाखाली दोन गुलाबी फुफ्फुसं मशीनच्या हवेनं वर-खाली होत होती.

"घोरत नाहीत," गुनवोर म्हणाली. मशीन तीच चालवते. "पण खोटंही बोलत नाहीत. दर दहा मिनिटांनी आकडे लिही. आणि निकालाचा आकडा, म्हणजे फुफ्फुसं किती ऑक्सिजन पुढे देतात तो, मशीन शंभर टक्के ऑक्सिजनवर असतानाच घ्यायचा, लक्षात ठेव."

अर्ध्या तासानं ती हातमोजे आणायला गेली आणि सर्जन स्टाफान उगवला. एका हातात वेलदोड्याचा बन, दुसरा खिशात.

"घोरण्याचा शोध लावणारी शास्त्रज्ञ तूच का गं?"

वरच्या मजल्यावर बेरित ऑपरेशनचा गाऊन घालून बसली होती. अकरा महिने नव्या फुफ्फुसांची वाट बघत होती ती, आणि दोनदा तिला तसंच घरी पाठवलं होतं. स्टाफाननं मशीनच्या पडद्याकडे पाहिलं.

"एकोणतीस. चाळीस हवा. बाद! चला, कॉफी गार होतेय."

बोटसुद्धा नाही लावलं! लोक बाजारात साधा टोमॅटो दाबून बघतात.

मी माझा कागद त्याच्या नाकासमोर धरला. "स्टाफान, मशीन पन्नास टक्क्यांवर आहे. मी तीनदा लिहिलंय. तुला वाचता येतं ना?"

तो चावायचा थांबला. "तेच म्हणणार होतो मी."

म्हणणार होता म्हणे! ओठांवर साखर तशीच.

गुनवोर आली, तिनं शंभर केलं. दहा मिनिटं गेली. एकसष्ट! मग तिनं दोन्ही फुफ्फुसं कडेकडेनं तळव्यांनी चाचपली आणि हवेची नळी काढली. तंबूची काठी काढावी तशी दोन्ही एकदम खाली बसली.

"अशी झटकन बसली म्हणजे चांगली. मऊ आहेत. कुठे गाठ नाही, पाणी नाही. बेरितला सांगा."

स्टाफाननं फोन उचलला. "मी स्वतः तपासलीत," म्हणाला. स्वतः! बन खाता खाता!

घरी आई-बाबा टेबलाशी वाट बघत होते. लेक सर्जन होणार, हे त्यांनी अख्ख्या गल्लीत सांगून ठेवलंय.

"मग? भेटला का खरा सर्जन?" बाबांनी विचारलं.

"भेटला. म्हणूनच सांगते, मी सर्जन होणार नाहीये. मी गुनवोरचं काम शिकणार आहे."