पोष्टिक

स्टीलच्या वाटीत तांदूळ खळकन पडले आणि दुपारची शांतता मोडली. रत्नप्रभाने तक्त्यावरून मान वर केली.

"सांडू नको हं, मीरा. तेवढेच उरलेत."

साडेपाच वर्षांच्या मीराने वाटी नाकाशी नेली. "आजीचा वास येतो."

"असू दे. ठेव खाली."

रत्नप्रभा कांदिवलीच्या त्यांच्या चाळीमागच्या बालवाडीत शिकवायची. आज चार वाजता मुलांच्या आयांची सभा होती आणि तांदळावर तिनेच बोलायचं होतं. आरोग्य केंद्राच्या सुलक्षणाबाईंनी दिलेल्या कागदावरून ती मोठ्या तक्त्यावर रकाने आखत होती. गिरणीचा पांढरा, हातसडीचा, उकडा. पोट तिन्ही सारखंच भरतात, हे लिहून झालं. हातसडीच्या दाण्यावर कोंडा राहतो, तोच अंगाला लागतो, हेही झालं. मग आलं उकड्याचं. भात सालासकट उकडून मग कांडला की कोंड्यातलं बरंचसं सत्त्व दाण्यात मुरतं, कांडताना जात नाही. आणि वरचं पाणी फेकलं नाही, पेज म्हणून प्यायलं, तर तेही पोटात जातं.

इथे तिचा हात थांबला होता तो थांबलाच.

गेल्या मे महिन्यात सोनूबाई, तिच्या सासूबाई, कुडाळहून आल्या त्या वालयचा लाल उकडा घेऊन. वालय हे त्यांच्या शेतातलं जुनं बी, सासऱ्यांच्याही आधीचं. सकाळी उठल्या की पहिलं पातेलं पेजेचं.

"पी गो बाय. हाडात जाता ती," म्हणत नातीला मांडीवर घ्यायच्या. मीरा फुर्र फुर्र करत वाडगा रिकामा करायची.

एक दिवस शेजारची शकु दारात नाक धरून उभी राहिली. "काय शिजतंय गं रत्ना? गोणपाट उकडलंस काय? आमच्याकडे कोंबड्यांना घालतात ना हा तांदूळ."

सगळा मजला हसला. रत्नप्रभाही हसली, पण तिचे कान तापले. संध्याकाळी ती सासूबाईंना म्हणाली, "आई, पुढच्या खेपेला हा तांदूळ नका आणू. पोरीला मी पांढराच देते. तो पौष्टिक असतो."

हा शब्द तिने कुठेतरी ऐकला होता. पांढऱ्याशुभ्र भाताला तो शोभेल असं तिला वाटलं होतं, इतकंच.

"पोष्टिक?" सोनूबाईंनी विचारलं. "म्हणजे पोस्टान येता काय तो?"

मीरा हसून हसून लोळली. सोनूबाईही हसल्या. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पेज केली नाही, आणि आठ दिवसांनी, पावसाआधी भाजावळ करायची, शेत भाजून ठेवायचं म्हणत त्या गावी गेल्या.

सुलक्षणाबाईंचा कागद हाती आला तेव्हा रत्नप्रभाने गावी पत्र टाकलं, थोडा उकडा पाठवा म्हणून. परवा उत्तर आलं, गुणाजीच्या, तिच्या धाकट्या दिराच्या, अक्षरात. 'वहिनी, यंदा वालय लावलाच नाही. आई म्हणाली, रत्ना शिकलेली, ती सांगते तर पांढराच बरा. नव्या वाणाचं बी घेतलं. जुनं ठेवलेलं कांडून संपवलं. आईने पेज सोडली आहे. विचारलं तर म्हणते, मी आता पोष्टिक खातंय.'

मग डबे धुंडाळताना तळाशी ही पुरचुंडी सापडली. दीड मूठ.

सभेला वीसेक बायका आल्या. रत्नप्रभाने तीन वाट्या फिरवल्या, तक्ता वाचला. तिसरी वाटी शकुच्या हातात आली.

"अगं, हा तर तुझ्या सासूचा कोंबड्यांचा तांदूळ."

"हो, तोच," रत्नप्रभा म्हणाली. पुढचं तक्त्यावर नव्हतं. "मीच त्यांना सांगितलं, आणू नका म्हणून. पांढरा पौष्टिक असतो म्हणाले. मला काही माहीत नव्हतं. त्यांना होतं."

शकुने वाटीवर पदर धरला, वाऱ्याने दाणे उडणार असल्यासारखा.

"मग मिळतो कुठे गं हा?" मागून एकीने विचारलं.

"उकडा बाजारात मिळेल. विचारून बघा." ती थांबली. "हा नाही मिळायचा."

बायका गेल्या. रत्नप्रभा तक्ता गुंडाळू लागली. मीरा वाटीतले दाणे एकेक करून पुरचुंडीत भरत होती.

"आई, हे पेरूया का? कुंडीत?"

"उकडलेले आहेत गं ते. उगवत नाहीत."

मीराने हातातला दाणा उजेडात धरून नीट पाहिला, मग तोही फडक्यात टाकला आणि गाठ मारायला पुरचुंडी आईपुढे धरली. रत्नप्रभाने एक गाठ मारली. सैल वाटली म्हणून दुसरी मारली.

"आई," मीराने विचारलं, "मग आता आजीला पेज कोण देतं?"